न्यूट्रॉन प्रतिमेची धार : बीमचे एल/डी गुणोत्तर स्वतः कसे मोजावे

पोलादी आवरणात भरलेली स्फोटक भुकटी सलग बसली आहे की मध्ये फट राहिली आहे, हे क्ष-किरणांना नीट सांगता येत नाही. न्यूट्रॉनला येते. पोलाद, शिसे, ॲल्युमिनियम यांतून न्यूट्रॉन बऱ्याच अंशी आरपार जातात आणि हायड्रोजन, लिथियम, बोरॉन असलेल्या पदार्थांत अडतात. म्हणून धातूच्या आतले रबरी कडे, पाणी, तेल, स्फोटक असे सारे त्यांना दिसते. कल्पक्कमच्या ३० किलोवॉट क्षमतेच्या 'कामिनी' अणुभट्टीवर आपल्या अंतराळ कार्यक्रमातल्या, स्फोटकावर चालणाऱ्या पायरो साधनांची तपासणी याच पद्धतीने झाली आहे.

मात्र ०.२ मिलिमीटरची फट प्रतिमेत दिसेल की पुसली जाईल, हे फक्त कॅमेऱ्यावर ठरत नाही. बीममधले न्यूट्रॉन एकमेकांना किती समांतर चालले आहेत, यावर ते बरेचसे अवलंबून असते. ही समांतरता, म्हणजेच कॉलिमेशन, एका संख्येत सांगतात : एल/डी गुणोत्तर. प्रत्येक बीमच्या माहितीपत्रकात ही संख्या दिलेली असते आणि बहुतेक जण ती तशीच उतरवून घेतात. माझे सांगणे एवढेच की तुमचा नमुना जिथे ठेवणार आहात, त्या जागी हे गुणोत्तर तुम्ही स्वतः मोजा. हे काम अवघड नाही. पुढचे विवेचन ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीवर किंवा परदेशातल्या एखाद्या केंद्रात पहिल्यांदा बीमवेळ मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि तरुण अभियंत्यांसाठी आहे.

एल/डी म्हणजे नेमके काय?

अणुभट्टीच्या गाभ्याजवळ न्यूट्रॉन सर्व दिशांना धावत असतात. प्रकाशासारखे ते काचेच्या भिंगाने वळवता येत नाहीत. म्हणून भट्टीच्या बाजूला एक लहान छिद्र ठेवतात आणि पुढे लांब, शोषक अस्तर लावलेली नळी बसवतात. छिद्राचा व्यास म्हणजे 'डी' आणि छिद्रापासून डिटेक्टरपर्यंतचे अंतर म्हणजे 'एल'. छिद्र जितके लहान आणि अंतर जितके मोठे, तितके डिटेक्टरवर पोहोचणारे न्यूट्रॉन अधिक समांतर.

याचा परिणाम घरीही पाहता येतो. ट्यूबलाइटखाली पेन्सिल ट्यूबला समांतर धरली तर सावलीची कड रेखीव पडते, काटकोनात धरली तर सावली विरून जाते. प्रकाशस्रोत ज्या दिशेने रुंद, त्या दिशेने सावली धूसर होते. न्यूट्रॉन प्रतिमाही सावलीच असते आणि छिद्र हा तिचा स्रोत. छिद्राला रुंदी असल्यामुळे प्रत्येक कडेभोवती उपच्छायेचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याची रुंदी अशी काढता येते :

भौमितिक धूसरपणा = डी × (नमुना ते डिटेक्टर अंतर) ÷ (छिद्र ते नमुना अंतर)

नमुना डिटेक्टरच्या जवळ असेल, तर हे उत्तर 'नमुना ते डिटेक्टर अंतर भागिले एल/डी' इतकेच येते. समजा, एल ५ मीटर आणि डी २५ मिलिमीटर आहे. एल/डी झाले २००. डिटेक्टरपासून १० सेंटिमीटरवरच्या कडेचा धूसरपणा ०.५ मिलिमीटर होईल, २ सेंटिमीटरवरच्या कडेचा ०.१ मिलिमीटर. म्हणजे जाड नमुन्यात एकाच प्रतिमेत एक बाजू रेखीव आणि दुसरी धूसर असू शकते.

मग एल/डी भरमसाट वाढवत का नाहीत? कारण न्यूट्रॉन कमी पडतात. डिटेक्टरवरचा प्रवाह छिद्रावरच्या प्रवाहाला एल/डीच्या वर्गाच्या १६ पटीने भागून मिळतो. एल/डी १०० असेल तर १,६०,००० न्यूट्रॉनमागे एक हाती लागतो. २०० केले तर ६,४०,००० मागे एक. एल/डी दुप्पट केले की त्याच प्रतीच्या प्रतिमेला चौपट वेळ लागतो. म्हणून ही निवड नेहमी वेळ आणि रेखीवपणा यांचा मेळ घालून करावी लागते. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधल्या 'न्यूट्रा' बीमवर छिद्र २ सेंटिमीटरचे कायम असते. एल/डी बदलायचे तर नमुना पुढच्या किंवा मागच्या स्थानी नेतात. म्युनिकजवळच्या गार्चिंग इथल्या 'अँटारेस'वर छिद्रच बदलता येते.

कागदावरचा आकडा आणि खरा आकडा

माहितीपत्रकातला आकडा बहुधा आराखड्यातून आलेला असतो. प्रत्यक्षात मिळणारे, म्हणजे प्रभावी एल/डी, वेगळे असू शकते आणि त्याची कारणे ठोस आहेत.

पहिले कारण छिद्राच्या कडेचे. कॅडमियम औष्णिक, म्हणजे मंद गतीचे, न्यूट्रॉन उत्तम अडवते, पण साधारण ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेच्या न्यूट्रॉनला ते जवळपास पारदर्शक असते. छिद्र फक्त कॅडमियमच्या पत्र्याचे असेल, तर त्या न्यूट्रॉनच्या दृष्टीने छिद्र मोठे असते. दुसरे कारण नळीच्या भिंतींचे. भिंतीवरून विखुरलेले न्यूट्रॉन छिद्राच्या बाहेरून आल्यासारखे डिटेक्टरवर पोहोचतात. तिसरे कारण आकाराचे. छिद्र आयताकृती असेल, तर आडव्या आणि उभ्या दिशेचे एल/डी वेगवेगळे असते. एकच आकडा सांगणे अपुरे ठरते. चौथे कारण जागेचे. माहितीपत्रकातले 'एल' एका ठरावीक स्थानापर्यंतचे असते आणि तुमचा कॅमेरा त्याच्या पुढे किंवा मागे असू शकतो.

मोजणीआधीची तयारी

पद्धत कोणतीही असो, तीन प्रतिमा आधी घ्या : बीम बंद ठेवून घेतलेली काळी प्रतिमा, नमुना न ठेवता घेतलेली मोकळ्या बीमची प्रतिमा आणि मग चाचणी-वस्तूची प्रतिमा. चाचणीच्या आणि मोकळ्या, दोन्ही प्रतिमांतून काळी प्रतिमा वजा करा आणि चाचणीच्या प्रतिमेला मोकळ्या प्रतिमेने भागा. गॅमा किरण थेट कॅमेऱ्याच्या चिपवर आदळल्याने पांढरे ठिपके उमटतात. एकाच जागच्या तीन किंवा अधिक प्रतिमा घेऊन त्यांचा मध्यक काढला की ते निघून जातात. हे ठिपके तसेच ठेवून कडेची रुंदी मोजू नका.

दुसरी गोष्ट शून्य अंतराची. नमुन्याचे अंतर सिंटिलेटरच्या, म्हणजे न्यूट्रॉनचे प्रकाशात रूपांतर करणाऱ्या पडद्याच्या, थरापासून मोजायचे असते, कॅमेऱ्याच्या पेटीच्या पुढच्या पत्र्यापासून नाही. पत्रा आणि सिंटिलेटर यांच्यात काही मिलिमीटरांचे अंतर असू शकते. ते बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना विचारून आधीच नोंदवा.

तिसरी गोष्ट पिक्सेलच्या मापाची. ज्ञात लांबीची वस्तू सिंटिलेटरला चिकटवून प्रतिमा घ्या आणि एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे ठरवून टाका. पुढची सगळी गणिते याच मापावर उभी राहतात.

पद्धत पहिली : कॅडमियमच्या तारा

अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेच्या ई ८०३ या प्रमाणात एल/डी मोजण्याची पद्धत दिली आहे. ती ग्रहणाच्या तत्त्वावर चालते. सारख्या जाडीच्या कॅडमियमच्या तारा डिटेक्टरपासून वाढत्या अंतरावर ओळीने बसवतात. जवळच्या तारेच्या सावलीत मध्यभागी पूर्ण गडद प्रच्छाया असते. अंतर वाढत जाते तशी प्रच्छाया अरुंद होत जाते आणि एका अंतरावर ती संपते. त्यापुढे उरते ती फक्त उपच्छाया.

प्रच्छाया जिथे संपते तिथले गणित समरूप त्रिकोणांचे आहे. त्या क्षणी छिद्राच्या दोन कडा, तारेच्या दोन कडा आणि डिटेक्टरवरचा बिंदू एकाच त्रिकोणात येतात. म्हणून :

एल/डी = प्रच्छाया संपते ते अंतर ÷ तारेची जाडी

०.६४ मिलिमीटर जाडीच्या तारेची प्रच्छाया डिटेक्टरपासून ६४ मिलिमीटरवर संपली, तर एल/डी १०० झाले. छिद्राचा व्यास किंवा त्याचे अंतर माहीत असण्याची गरजच नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. तारा आडव्या ठेवून एकदा आणि उभ्या ठेवून एकदा प्रतिमा घेतली की दोन्ही दिशांची गुणोत्तरे मिळतात. एक ध्यानात ठेवा : आडवी तार उभ्या दिशेचे एल/डी सांगते आणि उभी तार आडव्या दिशेचे.

मर्यादाही समजून घ्या. डिटेक्टरचा स्वतःचा धूसरपणा तारेच्या जाडीच्या जवळपास असेल, तर प्रच्छाया आधीच विरलेली दिसते आणि एल/डी खऱ्यापेक्षा कमी येते. त्यामुळे तार डिटेक्टरच्या धूसरपणाच्या निदान काही पट जाड हवी. जाड तार घेतली की अंतरही वाढते : एल/डी ५०० असेल, तर ०.६४ मिलिमीटरच्या तारेची प्रच्छाया ३२ सेंटिमीटरवर संपेल. एवढी जागा कॅमेऱ्यापुढे आहे का, हे आधी पाहा. शिवाय नुसत्या नजरेने 'इथे संपली' असे ठरवू नका. प्रत्येक तारेच्या सावलीला आडवी छेदणारी तीव्रतेची रेषा काढा आणि सावलीच्या मध्यावरची किमान तीव्रता अंतरासोबत कशी बदलते, याचा आलेख काढा. तो ज्या अंतरापर्यंत सपाट राहतो आणि जिथून वर चढू लागतो, तो बिंदू नजरेपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो.

पद्धत दुसरी : गॅडोलिनियमची कड

डिजिटल डिटेक्टरसाठी मी हीच पद्धत सुचवीन. गॅडोलिनियम औष्णिक न्यूट्रॉन विलक्षण शोषते. २५ मायक्रॉनचा पातळ पत्रासुद्धा साधारण ९७ टक्के औष्णिक न्यूट्रॉन अडवतो. पत्रा इतका पातळ असल्याने कडेच्या स्वतःच्या जाडीमुळे सावली बिघडत नाही. सरळ, स्वच्छ कापलेली कड घ्या आणि ती पिक्सेलच्या ओळींना किंचित, तीन ते पाच अंशांनी, तिरकी ठेवा. त्यामुळे कडेवरच्या वेगवेगळ्या ओळी एकत्र करून एका पिक्सेलपेक्षाही बारीक टप्प्यांत तीव्रतेचा आलेख मिळतो.

आता कड सिंटिलेटरला चिकटवून, मग २०, ५०, १०० आणि २०० मिलिमीटरवर ठेवून प्रतिमा घ्या. प्रत्येक प्रतिमेत कडेची रुंदी मोजा. या रुंदीत दोन वाटे असतात : डिटेक्टरचा धूसरपणा आणि भौमितिक धूसरपणा. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली की एकूण रुंदीचा वर्ग जवळपास मिळतो. वरचेच उदाहरण घ्या : एल/डी २०० आणि डिटेक्टरचा धूसरपणा ०.१५ मिलिमीटर. अपेक्षित एकूण धूसरपणा २० मिलिमीटरवर साधारण ०.१८ मिलिमीटर, ५० वर ०.२९, १०० वर ०.५२ आणि २०० वर १ मिलिमीटरच्या थोडा वर. पहिल्या अंतरावर डिटेक्टरचाच वरचष्मा आहे, शेवटच्या दोन अंतरांवर बीमचा. त्यामुळे फक्त जवळच्या अंतरांवर मोजणी करून एल/डी काढणारा फसतो.

आलेख असा काढा : उभ्या अक्षावर रुंदीचा वर्ग, आडव्या अक्षावर 'नमुना ते डिटेक्टर' अंतराला 'छिद्र ते नमुना' अंतराने भागून आलेल्या उत्तराचा वर्ग. बिंदू सरळ रेषेत बसले, तर रेषेच्या चढाचे वर्गमूळ म्हणजे प्रभावी डी आणि उभ्या अक्षावरचा छेद म्हणजे डिटेक्टरच्या धूसरपणाचा वर्ग. एकाच मोजणीत बीम आणि कॅमेरा, दोघांची परीक्षा होते.

इथे एका खाचखळग्याकडे लक्ष वेधतो, कारण त्याने आकडा मोठ्या फरकाने चुकतो. 'कडेची रुंदी' म्हणजे काय, हे आधी ठरवा. बहुतेक संगणकीय साधने तीव्रता १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जाते तेवढे अंतर देतात. पण वरच्या सूत्रातला धूसरपणा म्हणजे शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतचा पूर्ण पट्टा. गोल, समान उजळ छिद्रासाठी १०–९० टक्के रुंदी ही पूर्ण पट्ट्याच्या साधारण ०.६९ पट असते, आयताकृती छिद्रासाठी ०.८ पट. ही दुरुस्ती केली नाही, तर गोल छिद्राचे एल/डी प्रत्यक्षापेक्षा जवळपास ४५ टक्क्यांनी जास्त निघेल. दोन केंद्रांचे आकडे जुळत नसतील, तर सर्वांत आधी ही व्याख्या तपासा.

एल आणि डी वेगवेगळे तपासायचे असतील तर

गुणोत्तर अपेक्षेपेक्षा कमी आले, तर दोष अंतरात आहे की छिद्रात, हे शोधावे लागते.

अंतरासाठी विवर्धन वापरा. १०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन तारांची चौकट एकदा सिंटिलेटरला लावून आणि एकदा ५०० मिलिमीटर पुढे ठेवून प्रतिमा घ्या. दुसऱ्या प्रतिमेत तारांमधले अंतर १११.१ मिलिमीटर आले, तर विवर्धन १.१११. एल काढण्यासाठी ५०० ला विवर्धनाने गुणा आणि 'विवर्धन वजा एक'ने भागा : उत्तर ५ मीटर. तारांमधले अंतर ०.१ मिलिमीटरने चुकले, तरी एलमध्ये साधारण १ टक्का फरक पडतो, म्हणून मोजणी जपून करा.

छिद्रासाठी सूचिछिद्र कॅमेरा वापरा. कॅडमियमच्या किंवा गॅडोलिनियमच्या पत्र्याला अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून तो डिटेक्टरच्या एक मीटर पुढे ठेवा. ५ मीटरवरच्या २५ मिलिमीटरच्या छिद्राची उलटी प्रतिमा डिटेक्टरवर सव्वासहा मिलिमीटरची उमटेल. न्यूट्रॉन फार थोडे येत असल्याने वेळ बराच लागतो, पण जे दिसते ते मोलाचे असते : छिद्र एका बाजूला सरकले आहे का, एकीकडे जास्त उजळ आहे का, भोवती विखुरलेल्या न्यूट्रॉनचे वलय आहे का. प्रभावी डी का वाढला, याचे उत्तर बहुधा याच प्रतिमेत सापडते.

गल्लत टाळा

एएसटीएमच्या ई ५४५ या प्रमाणातला बीम-शुद्धता निर्देशक अनेक केंद्रांत असतो. टेफ्लॉनच्या ठोकळ्यात बोरॉन नायट्राइडच्या आणि शिशाच्या चकत्या आणि कॅडमियमच्या तारा बसवलेल्या असतात. औष्णिक न्यूट्रॉनचे, विखुरलेल्या न्यूट्रॉनचे आणि गॅमा किरणांचे प्रमाण तो सांगतो. बीम शुद्ध असूनही पुरेसा समांतर नसू शकतो, म्हणून शुद्धतेची चाचणी झाली म्हणजे एल/डीची झाली, असे समजू नका.

तसेच पॉल शेरर इन्स्टिट्यूटने काचेवर गॅडोलिनियमचा पातळ थर देऊन बनवलेली सीमेन्स चांदणी (मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आऱ्यांची नक्षी) ही मुख्यतः डिटेक्टरची क्षमता पाहण्यासाठी असते. ती सिंटिलेटरला चिकटवून घेतलेली सुंदर प्रतिमा बीमच्या समांतरतेविषयी काहीच सांगत नाही. बीमविषयी जाणून घ्यायचे तर तीच चांदणी दूर ठेवून पुन्हा प्रतिमा घ्यावी लागते.

मोजणी फक्त मध्यभागी करून थांबू नका. चार कोपऱ्यांतही एकेक मोजणी घ्या. दृश्यक्षेत्र मोठे असेल, तर कडेला नळीच्या भिंतीची सावली पडून गुणोत्तर बदललेले आढळते.

सुरक्षितता

कॅडमियम विषारी आहे. ते कोरडे घासू नका, कापताना धूळ उडू देऊ नका, हातमोजे घाला आणि उरलेले तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा. कॅडमियम आणि गॅडोलिनियम न्यूट्रॉन शोषताना गॅमा किरण सोडतात आणि बीममध्ये राहिलेली वस्तू स्वतः किरणोत्सारी झालेली असू शकते. म्हणून बीम बंद झाल्यावर वस्तू उचलण्याआधी मापकाने तपासा. किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारा टीएलडी बिल्ला अंगावर असल्याशिवाय दालनात जाऊ नका आणि दाराची इंटरलॉक यंत्रणा कधीही टाळू नका. प्रत्येक केंद्रात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असतो. चाचणी-वस्तूंची यादी त्यांना आधी दाखवणे हा कामाचाच भाग आहे.

नोंद कशी ठेवावी

'एल/डी = १८०' एवढे लिहिणे पुरेसे नाही. सोबत हे लिहा : छिद्र कोणते होते, डिटेक्टर कोणत्या स्थानी होता, मोजणी आडव्या दिशेची की उभ्या, पद्धत तारेची की कडेची, कडेच्या रुंदीची व्याख्या कोणती, अनिश्चितता किती आणि तारीख कोणती. सिंटिलेटर बदलला, छिद्र हलवले किंवा नळीत काही दुरुस्ती झाली, की मोजणी पुन्हा करा.

आपल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना 'ध्रुव'वर काम करण्याची वाट यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रातून मिळते. ट्रॉम्बेला १९५६ साली 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९८५ पासून तिथे १०० मेगावॉटची 'ध्रुव' आहे आणि २०१८ पासून 'अप्सरा-यू'. इतकी मोठी सोय घराजवळ असताना मिळालेल्या बीमवेळेचा पहिला तुकडा एल/डी मोजण्याला द्या. नमुन्याच्या प्रतिमा त्यानंतर घ्या. तुमच्या प्रबंधात 'इथे फट नाही' असे वाक्य असेल, तर किती मिलिमीटरपर्यंतची फट तुमच्या बीमला दिसू शकत होती, हे त्याच पानावर लिहा. ते लिहिल्याशिवाय निष्कर्ष पूर्ण होत नाही.